जंतांवर झाडपाला: चरणाऱ्या जनावरांत तो कुठवर चालतो

पाऊस लागून महिनाभर झाला की गुरांच्या दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो: ‘जंतासाठी काही झाडपाल्याचं आहे का?’ विचारणाऱ्याची कारणं रास्त असतात. रासायनिक औषध पाजलं की औषधाप्रमाणे ठरलेले दिवस दूध डेअरीला घालता येत नाही. गाभण जनावराला काय चालेल, याची धास्ती असतेच. शिवाय दर वर्षी तेच औषध पाजून आता गुण येईनासा झालाय, अशी तक्रार. त्यात ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ असं छापलेले डबे समोर मांडलेले असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. झाडपाल्याचा जंतांवर परिणाम होतो आणि तो नीट केलेल्या प्रयोगांत दिसलेला आहे. पण तो बहुतेक वेळा चारा म्हणून होतो, औषध म्हणून नाही. चमचाभर देऊन भागत नाही, पाटीभर द्यावा लागतो, तोही बरेच दिवस. आणि शेळ्या-मेंढ्यांत जेवढं दिसतं तेवढं गाईंत दिसत नाही. हे असं का, ते कळायला आधी जंत जगतो कसा ते बघावं लागतं.

चरणाऱ्या गुरांत सगळ्यात जास्त त्रास देणारे गोल जंत आपलं अर्धं आयुष्य जनावराच्या पोटात आणि अर्धं रानात काढतात. मादीची अंडी शेणातून बाहेर पडतात. पावसाळी उबदार हवेत एक-दोन दिवसांत त्यातून अळ्या निघतात, शेणातले जिवाणू खातात, आठवडाभरात दोनदा कात टाकण्याच्या बेताला येतात. पण दुसरी कात अळी पूर्ण टाकत नाही, अंगावर तशीच ठेवते. हेच तिचं चिलखत. या अवस्थेत तिला काही खाता येत नाही; साठवलेल्या शिदोरीवर ती दिवस काढते. पाऊस किंवा दव पडलं की पाण्याच्या पातळ थरातून गवताच्या पात्यावर चढते आणि गाय ते पातं खाईल याची वाट बघते. बहुतेक अळ्या जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटरच्या आतच सापडतात. म्हणून गवत पार बुडापर्यंत कुरतडलेलं गायरान सगळ्यात धोक्याचं.

पोटात गेल्यावर अळी ते चिलखत उतरवते, आपल्या ठरलेल्या जागी जाते आणि साधारण तीन आठवड्यांत अंडी घालू लागते. रक्त पिणारा हिमोंकस हा जंत गुरांच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो. त्याची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त खर्ची घालतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण हजार जंत म्हणजे रोज ५० मिलिलिटर. वासराची पापणी उलटून पाहिली तर लालसर दिसायला हवी ती पांढुरकी दिसते. पुढे जबड्याखाली पाणी उतरतं. रक्तातलं प्रथिन इतकं घटतं की पाणी नसांत टिकत नाही.

गाईची आणि शेळीची वाट इथे वेगळी होते. एक-दोन पावसाळे चरून काढलेल्या गाईच्या अंगात या जंतांविरुद्ध बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती येते. खरा मार बसतो तो पहिल्या पावसाळ्यात रानात जाणाऱ्या वासरांना आणि कालवडींना. शेळी मूळची झुडपं ओरबाडणारी. तिचं तोंड वर, अळ्या खाली, त्यामुळे जंतांशी लढायची ताकद तिच्या अंगात तितकीशी घडलीच नाही. तिला गवतावर चारायला सोडलं की ती लवकर आडवी होते. म्हणूनच जगभरातलं झाडपाल्याचं संशोधन आधी शेळ्या-मेंढ्यांवर झालं आणि त्याचे निष्कर्ष मग गाईंच्या जाहिरातीत वापरले जाऊ लागले.

आता औषधांविषयी. थायबेंडाझोल १९६१ मध्ये बाजारात आलं. त्याच्या आधीची काही औषधं जनावरालाही घातक ठरायची. तीनच वर्षांत, १९६४ मध्ये, अमेरिकेत मेंढ्यांमधला हिमोंकस त्याला दाद देत नसल्याची नोंद झाली. आज आपण वापरतो ती आल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल त्याच घराण्यातली. म्हणून एकाचा गुण गेला की दुसरं देऊन फारसं हाती लागत नाही, डब्यावरचं नाव तेवढं बदलतं. १९८१ मध्ये जनावरांसाठी आयव्हरमेक्टिन आलं. जपानमधल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेल्या या द्रव्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. त्यालाही न जुमानणारे जंत आता जगभर आहेत. गोल जंतांवरच्या औषधांचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत.

गुण जाण्यामागे एक कारण आपल्या हातचं आहे. उन्हाळ्याच्या शेवटी, रान भाजून निघालेलं असताना, गोठ्यातल्या झाडून सगळ्या जनावरांना एकाच दिवशी डोस पाजायची पद्धत बऱ्याच गावांत आहे. त्या वेळी रानात जिवंत अळ्या जवळपास नसतात. म्हणजे गावातले बहुतेक सगळे जंत जनावरांच्या पोटात आणि त्या सगळ्यांना एकाच वेळी औषध. जे चिवट त्यातून वाचतात, तेच पहिल्या पावसात रानभर अंडी पसरतात. त्यांच्यात मिसळायला साधे, औषधाने मरणारे जंत शिल्लकच नसतात. सगळ्यांना न पाजता, ज्याला गरज आहे त्याला पाजायचं, हा त्यावरचा उपाय. कळपातल्या थोड्याच जनावरांच्या पोटात बहुतेक जंत असतात, त्यामुळे हे जमतंही. दक्षिण आफ्रिकेत शेळ्या-मेंढ्यांच्या पापणीचा रंग तक्त्याशी ताडून पाहायची ‘फमाचा’ पद्धत याच विचारातून आली.

झाडपाला बसतो तो या चित्रात: डोसांची संख्या कमी करणारा, दोन डोसांमधलं अंतर वाढवणारा आहार म्हणून.

वनस्पतींचे इथे दोन गट पाडून पाहिले की गोंधळ कमी होतो. पहिला गट अशा वनस्पतींचा, ज्यांत एखादं जहाल द्रव्य असतं. पळसाच्या बिया, म्हणजे पळसपापडी, जंतांवर देण्याची चाल जुनी आहे. त्यातलं पलासोनिन हे द्रव्य वेगळं काढलेलं आहे आणि जंतांवर ते चालतं. पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते कँथारिडिनचं भावंड. कँथारिडिन म्हणजे अंगावर फोड उठवणाऱ्या भुंग्याचं विष. सुपारीतलं अरेकोलिन कुत्र्यांतले पट्टकृमी पाडायला विसाव्या शतकात बरीच वर्षं वापरलं गेलं, तेही शुद्ध करून, वजनावर मोजून. पुढे त्याहून सुरक्षित औषधं आली आणि ते मागे पडलं. वावडिंग, कपिला याच रांगेतले. या वनस्पती खोट्या नाहीत. पण त्या औषध आहेत, आणि औषधाला मात्रा लागते. या झाडाच्या आणि त्या झाडाच्या बीत, कोवळ्या आणि जून पानात द्रव्याचं प्रमाण कितीतरी बदलतं. मूठभर म्हणजे किती, हे ठरवायचं कुणी? ‘झाडाचं आहे, अपाय नाही’ हे वाक्य घाणेरी खाऊन कावीळ झालेलं जनावर ज्याने पाहिलंय तो कधी म्हणणार नाही.

दुसरा गट तुरट चाऱ्याचा. माझ्या मते भरवसा ठेवावा असं जे काही आहे ते इथेच. बाभळीची हिरवी शेंग दाताखाली चावून पाहा. जीभ क्षणात कोरडी, खरखरीत होते. शेंगेतलं टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनाला चिकटतं आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. गाईच्या पोटातही टॅनिन हेच करतं, प्रथिनाला धरतं. त्याचे दोन परिणाम होतात.

पहिला असा. चाऱ्यातलं बरंचसं प्रथिन कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, जिवाणू फोडून टाकतात. टॅनिनने धरलेलं प्रथिन त्यांच्या तावडीतून सुटतं, चौथ्या कप्प्यातल्या आम्लात मोकळं होतं आणि आतड्यात थेट जनावराच्या अंगी लागतं. जंतांनी झालेली झीज भरायला आणि प्रतिकारशक्ती उभी करायला प्रथिनच लागतं. दुसरा परिणाम थेट जंतावर. अळीचं चिलखत नीट उतरत नाही, तिला पोटात बस्तान बसवता येत नाही. जे जंत आधीच मोठे झालेत त्यांच्या माद्या अंडी कमी घालतात. हे टॅनिनमुळेच होतं कशावरून? संशोधक काही जनावरांना त्याच चाऱ्यासोबत पॉलिइथिलीन ग्लायकॉल देतात. ते टॅनिनला बांधून निकामी करतं. ते दिल्यावर जंतांवरचा परिणाम मावळला, तर काम टॅनिनचंच.

मोठे जंत यात फारसे मरत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. शेणातली अंडी घटली म्हणजे पोट साफ झालं, असं होत नाही. माद्या आत जिवंत असतात, अंडी तेवढी कमी घालत असतात. ज्याची पापणी पांढरी पडलीय, जबड्याखाली सूज आलीय, त्या वासराला पाला चारत बसणं म्हणजे त्याला मरू देणं. त्याला औषधच लागतं, आणि तेही आजच.

आता हिशेब. मेंढ्या-शेळ्यांच्या प्रयोगांतून असं दिसतं की एकूण कोरड्या खाद्यात ३ ते ४ टक्के टॅनिन असेल तेव्हा कुठे जंतांवर परिणाम जाणवतो. ५-६ टक्क्यांच्या वर गेलं की जनावर चारा कमी खातं, पचन बिघडतं, वजन उतरतं. म्हणजे फट अरुंद आहे. ३०० किलोची गाय दिवसाला सुमारे साडेसात किलो कोरडं खाद्य खाते. त्याचे ४ टक्के म्हणजे ३०० ग्रॅम टॅनिन, दररोज. दुकानातल्या चूर्णात टॅनिन भरपूर आहे, अगदी वीस टक्के आहे असं धरू. डब्यावर लिहिल्याप्रमाणे ५० ग्रॅम चूर्ण दिलं तर पोटात गेलं १० ग्रॅम. हवं होतं त्याचा तिसावा हिस्सा. तेही डब्यावर टॅनिनचं प्रमाण छापलेलं असेल तर. सहसा ते नसतंच. दहा वनस्पतींची नावं असतात, प्रत्येकीचं वजन कधी कधी असतं, कामाच्या द्रव्याचं प्रमाण नसतं. एवढा एक हिशेब केला की निम्म्या जाहिराती आपोआप गळतात.

मोठ्या मात्रेत चारा म्हणून दिलेल्या वनस्पतींचं काम कुठे दिसलं? न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात सुल्ला, लोटस (कमळ नव्हे, एक द्विदल चारा) अशा टॅनिनवाल्या चाऱ्यांवर कोकरं चारून पाहिली. काही चाऱ्यांवर त्यांच्यात जंत कमी आणि वाढ चांगली दिसली. फ्रान्समध्ये सेनफॉइन या द्विदल चाऱ्यावर शेळ्या-मेंढ्यांत पुष्कळ काम झालं. अमेरिकेच्या आग्नेय भागात सेरिसिया लेस्पेडेझा ही द्विदल वनस्पती वाळवून, तिच्या गोळ्या पाडून शेळ्यांना देतात आणि अंड्यांची संख्या लक्षणीय घटते. गंमत म्हणजे हीच सेरिसिया कॅन्सस राज्यात कायद्याने उपद्रवी तण ठरवलेली आहे. आपल्याकडचा लसूणघास आणि बरसीम ही द्विदल असली तरी त्यांत या प्रकारचं टॅनिन जवळपास नसतं, त्यामुळे त्यांच्याकडून ही अपेक्षा ठेवू नये.

गाईंवरचं मोलाचं काम डेन्मार्कमधलं. तिथे वासरांना चिकोरी आणि सेनफॉइन चारून पाहिलं. चौथ्या कप्प्यात राहणारा ऑस्टरटॅजिया हा जंत कमी झाला. लहान आतड्यातल्या कूपेरियावर मात्र फरक पडला नाही. एकाच जनावरात, एकाच चाऱ्याने, एका कप्प्यात गुण आणि पुढच्या नळीत काहीच नाही. चिकोरीत तर टॅनिन फार नसतं. तिथे काम करतात ती कडवट द्रव्यं वेगळी. म्हणून ‘जंतांवर रामबाण’ असं कुणी म्हणालं की विचारावं, कुठल्या जंतावर? ऑस्टरटॅजिया थंड हवेतला. आपल्या मैदानी भागात त्याच कप्प्यात हिमोंकसचं राज्य असतं, म्हणून डेन्मार्कचा निकाल जसाच्या तसा उचलता येत नाही. आशेला जागा आहे, एवढंच त्यावरून म्हणावं.

चपट्या कृमींचं तर सगळंच वेगळं. कोकणात, मावळात, भातखाचरांच्या आणि ओढ्या-तळ्यांच्या काठी चरणाऱ्या गाई-म्हशींच्या यकृतात फॅसिओला हा चपटा कृमी जातो. त्याचं बालपण पाण्यातल्या गोगलगाईच्या अंगात जातं. गाय मोठी झाली म्हणून त्याच्याविरुद्ध तिची प्रतिकारशक्ती वाढत नाही, दुभत्या गाईलाही तो तितकाच पोखरतो. तो यकृतात बसलेला, टॅनिन पोटात. दोघांची गाठच पडत नाही. इथे पाणथळ जागेची चराई टाळणं, हौदात पाणी पाजणं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ऑक्सिक्लोझानाइडसारखं औषध देणं हाच मार्ग. तसंच लहान वासरा-पारड्यांतल्या मोठ्या गोल जंतांचं. त्यांच्या अळ्या आईच्या दुधातून येतात, म्हणून दहाव्या दिवसाच्या सुमारास पाजायचा पिपराझिनचा डोस कुठल्याही काढ्यासाठी टाळू नये.

मग आपल्या गोठ्यात काय करता येईल? मी सुरुवात पेंडीपासून करीन, आणि हे सांगताना मला ठाऊक आहे की झाडपाला विचारायला आलेल्याला हे फिकं वाटतं. पावसाळी गवत हिरवंगार दिसतं पण त्यात पाणी फार. वाढत्या कालवडीला त्यासोबत शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड मिळाली, तर ती जंतांना जास्त खंबीरपणे तोंड देते. हे जगभर वारंवार दिसलेलं आहे आणि पेंडही वनस्पतीचीच.

दुसरं, सुबाभूळ. तिच्या पाल्यात प्रथिन आणि टॅनिन दोन्ही. पण मिमोसिन नावाचं विषही आहे, त्याने केस गळतात, गलगंड होतो. एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ गुरांना बाधायची आणि हवाईत शेळ्यांना बाधत नव्हती. रेमंड जोन्स यांनी त्याचं कारण शोधलं: हवाईतल्या शेळ्यांच्या कोटीपोटात हे विष पचवणारा जिवाणू होता. तो ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडला आणि प्रश्न सुटला. त्या जिवाणूच्या नावात आज जोन्स यांचं नाव आहे.

तिसरी, गावठी बाभूळ. उन्हाळ्यात मेंढपाळ आकडीने फांद्या हलवून शेंगा पाडतात आणि शेळ्या-मेंढ्या त्यावर तुटून पडतात. शेळीला त्या चालतात. गाईला हळूहळू सवय लावून, इतर चाऱ्यात मिसळून, थोड्याच द्याव्यात. वेडी बाभूळ ही नव्हे. तिच्या शेंगा गोड असतात आणि त्यांतलं टॅनिन या कामाचं नाही. एक त्रास आधीच सांगतो: शेंगेतलं बी न पचता बाहेर पडतं, आणि ते खत ज्या वावरात जाईल तिथे पुढच्या पावसाळ्यात बाभळीची रोपं उपटावी लागतात.

कडुनिंबाविषयी सगळेच विचारतात. काचेच्या बशीत त्याचा अर्क अळ्यांना मारतो. जिवंत जनावराला पाला चारला तेव्हा निकाल कधी बरे, कधी शून्य आले. पोटात तो अर्क कित्येक लिटर रसात पातळ होतो, जिवाणू तो फोडतात. बशी आणि कोटीपोट यांत हा फरक राहतोच. चार डहाळ्या घातल्याने नुकसान नाही. त्यावर विसंबून डोस चुकवला तर आहे.

कांद्याबाबत मात्र कडक सूचना. भाव पडले की नाशिक, नगर भागात कांद्याचे ढीग गुरांपुढे ओतले जातात आणि वर ‘कांद्याने जंत मरतात’ अशी समजूत काढली जाते. जास्त कांद्याने गाईच्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल होते. जंतांनी आधीच रक्त कमी झालेल्या जनावराला हा दुसरा घाव.

आणि काहीही सुरू करा, अंडी मोजून सुरू करा. शेण तपासणी ही महागडी भानगड नाही. मिठाच्या दाट पाण्यात शेण कालवून गाळलं की गोल जंतांची हलकी अंडी वर तरंगतात. खोबणीच्या काचपट्टीवर ती मोजून, सहसा ५० ने गुणून, एक ग्रॅम शेणातला आकडा काढतात. चपट्या कृमींची अंडी जड, ती तळाशी बसतात, त्यासाठी तपासणी वेगळी. म्हणून नमुना देताना ‘पाणथळात चरतं’ हे सांगायला विसरू नका. औषधाचा गुण गेलाय का हेही असंच कळतं. वजन करून पूर्ण मात्रा पाजा, दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा, अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली असतील तर संशय घ्यायला जागा आहे. पाल्याचा निकाल बघायचा तर आठ-दहा वासरांपैकी निम्म्यांना द्या, निम्म्यांना देऊ नका आणि तीन-चार आठवड्यांनी दोन्हीकडचे आकडे समोरासमोर ठेवा. सगळ्यांना दिलं तर अंडी पाल्याने घटली की उघडीप पडल्याने, ते कळणार नाही.

नमुना जमिनीवरचा उचलू नका, मातीतले कृमीही त्यात येतात. हातमोजा घालून थेट गुदद्वारातून किंवा शेण पडता पडता घ्या, पिशवीतली हवा दाबून काढा, वर जनावराचा बिल्ला क्रमांक लिहा आणि त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा. पावसाळी उकाड्यात एक-दोन दिवस ठेवलं तर अंडी पिशवीतच फुटतात, अळ्या बाहेर पडतात आणि मोजायला काही उरत नाही.